माउसपॅडवरचा नंबर

बुधवार, १४ ऑगस्ट

होल्गर गेला त्याला आज दोन आठवडे झाले. गेला म्हणजे मेला नाही, बोर्नहोल्म बेटावर बहिणीकडे राहायला गेला. तेवीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून हा धंदा चालवला. पेनं, मग, छत्र्या, पेनड्राइव्ह, जे म्हणाल त्यावर लोकांची नावं छापली. आणि शेवटच्या दिवशी गडी क्रीम केकचा उरलेला तुकडा डब्यात घालून गाडीत बसला. म्हणाला, "बोडिल, फोन करत राहू." मी म्हटलं, "जा बाबा, जा." अजून एकही फोन नाही. मीही केलेला नाही, का करावा?

ही वही पण नमुन्याचीच आहे, वर एका दातांच्या डॉक्टरचं नाव आहे. बोलायला कुणी नाही म्हणून मी लिहितेय असं मुळीच नाही. वही पडून होती, वाया कशाला घालवायची!

आज मोठी ऑर्डर आली. सिसेल नावाच्या बाईचा फोन होता, आवाजावरून पस्तिशीची असेल. नगरपालिकेच्या मदतीने एक टेलिफोन लाइन सुरू करतायत, ज्यांना बोलायला माणूस नाही त्यांच्यासाठी. तीन हजार माउसपॅड आणि तीन हजार स्क्रीन पुसायची फडकी हवीत, वाचनालयात आणि नागरिक कचेरीत ठेवायला. मी विचारलं, माउसपॅडच का? तर म्हणाली, "हल्ली सरकारची सगळी पत्रं कॉम्प्युटरवरच येतात ना. एकटी म्हातारी माणसं दिवसभर त्याच्यापुढेच तर डोकं धरून बसलेली असतात." पोरीला डोकं आहे.

मंगळवार, २० ऑगस्ट

तीन ठिकाणांहून नमुने आले. शेनझेनचा डबा उघडला आणि मी दार उघडून बाहेरच पळाले. जुने टायर जाळल्यासारखा वास! ते पॅड कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून टांगले. कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "बोडिल, काय वाळत घातलंयस ग?" मी म्हटलं, "गिऱ्हाइकांची कातडी." ती आत गेली ती गेलीच. मला म्हणायला हवं होतं की ये, कॉफी घे. जिभेला हाड नाही माझ्या.

दुसरा नमुना इटलीचा, त्याचे कोपरे वळतात. तिसरा पोलंडचा, जाड, खालून घट्ट पकडतो. त्यावर कॉफी सांडली, भांड्यांच्या साबणाने घासलं, रात्रभर पाण्यात ठेवलं. ढिम्म. पोलंडचाच घ्यायचा.

चित्रही झालं. खाडीकाठचं एक बाकडं, त्यावर दोन कप. खाली मोठ्या अक्षरांत: "बोलायचंय? आम्ही ऐकतोय. रोज तीन ते सहा." आणि त्याखाली नंबर. त्यांचा नंबर टेलिफोन कंपनीकडून अजून यायचाय. होल्गर अशा वेळी जागा धरायला आठ आकड्यांच्या जागी आठ शून्यं टाकायचा. मला ओळीत शून्यं बघवत नाहीत, म्हणून तूर्तास वर्कशॉपचाच नंबर टाकला. छान बसतोय.

गुरुवार, २९ ऑगस्ट

सिसेलला भेटून आले. केस आखूड, हसणं मोठं, आणि कॉफी इतकी पातळ की कपाचा तळ दिसतो. तसं मी तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "नगरपालिकेची कॉफी आहे बोडिल, तुझ्याच करातून आलीय." बरं वाटलं पोरीशी बोलून.

पण तिचा जीव टांगणीला लागलाय. लाइन सध्या प्रयोग म्हणून चालवायची आहे. समितीतला एक गृहस्थ म्हणे पहिल्यापासून विरोधात आहे. त्याचं म्हणणं असं, की आपल्या गावात जो तो एकमेकांना ओळखतो, इथे कोण एकटं पडणार? नोव्हेंबरच्या शेवटी समिती बसेल. फोन आले असतील तर लाइन चालू, नाहीतर बंद. बारा माणसं फुकट काम करायला तयार झालीत, त्यांना शिकवण्यात तिने अख्खा उन्हाळा घातलाय. मला म्हणाली, "तुझ्या पॅडवरच आहे सगळं. बाकी जाहिरातीला काही उरलेलंच नाही."

निघताना विचारलं, "तुमच्याकडे दोघंच असता ना?" मी म्हटलं, "हो, दोघं." का म्हटलं कोण जाणे. समजावत बसायचा कंटाळा आला असेल.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

छपाईआधी प्रूफ वाचायची आमची एक रीत आहे. एकाने मोठ्याने वाचायचं, अक्षर न् अक्षर, आकडा न् आकडा. दुसऱ्याने मूळ कागदावर लाल पेन्सिलीने टिक करायची. वाचणाऱ्याने मूळ कागद बघायचा नाही आणि टिक करणाऱ्याने प्रूफ बघायचं नाही. तेवीस वर्षांत आमच्याकडून एक चूक बाहेर गेली नाही. त्यापायी होल्गरशी मी किती भांडलेय! "अरे, तीन शब्द आहेत, काय वाचायचंय त्यात?"

आज मीच वाचलं आणि मीच ऐकलं. लाल पेन्सिल सापडेना, म्हणून मनातल्या मनात टिक केली. सिसेलचा नंबर सोमवारी आला होता. तो फडक्यावर बसवला, आणि तेवढ्यात पोलंडचा ट्रक दारात आला म्हणून उठले होते. आज दोन्ही वाचून काढलं. फडकं ठीक. पॅड तर इतकं सरळ वाचलं गेलं की नंबरावर जीभ एकदाही अडखळली नाही. सिसेलला पाठवलं, चार मिनिटांत उत्तर: "फारच सुंदर!! काय निळा रंग आहे!" झालं तर मग.

उद्यापासून हीट प्रेस तापवून छपाईला सुरुवात.

गुरुवार, १९ सप्टेंबर

माल पोचवला. तीन हजार पॅड, साठ खोके. पाठ मोडली. सिसेलने मला मिठी मारली आणि मी खांबासारखी उभी. सवय राहिली नाही.

एक पॅड होल्गरला पाठवला. चिठ्ठी जोडली: "एकटीने केलंय. बघ." त्याला जळवायला पाठवला, दुसरं काही नाही.

आता वर्कशॉपमध्ये इतकं शांत आहे की घड्याळ ऐकू येतं. नवीन काम नाही. दुपारचा राय ब्रेड उभ्यानेच खाल्ला. बसलं तर समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे लक्ष जातं.

मंगळवार, १ ऑक्टोबर

वर्कशॉपचा फोन वाजला! तो जुना, वायरचा. गिऱ्हाइकं सगळी आता मोबाइलवरच येतात, त्यामुळे मला वाटलं अलार्मच वाजतोय. होल्गर फोन उचलून कंपनीचं अख्खं नाव सांगायचा. मला ते कधी जमलं नाही. आपल्याकडे सगळे घरी सांगतात तसं मी म्हटलं, "बोडिल बोलतेय."

पलीकडे एक म्हातारबुवा. "मी वेर्नर. तीन वाजून गेले ना? मग चालेल का बोलायला?"

मी म्हटलं, "चालेल की. काय पाहिजे तुम्हाला?"

"अहो-जाहो कशाला करतेस? मी काय राजा आहे?" असं म्हणून हसला. "पाहिजे तसं काही नाही. हा कॉम्प्युटरचा उंदीर माझ्या हातात राहत नाही. मी उजवीकडे नेतो, तो टेबलावरून खाली."

मी म्हटलं, "अरे, मग उचल आणि परत मधे ठेव. त्याला दोरी बांधलीय, पळून कुठे जाणार?" त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं! वाचनालयातल्या पोरांना वाटतं हे जन्मतःच येतं. मग तो बटाट्यांबद्दल बोलला. चाळीस वर्षं बटाटे लावले म्हणे, आता जमीन भाच्याकडे, भाचा मका लावतो. बम्से नावाचा कुत्रा आहे, म्हातारा, मागचा पाय ओढतो. सत्तेचाळीस मिनिटं झाली! शेवटी म्हणाला, "आभारी आहे हं. चांगली सोय केलीत तुम्ही."

आम्ही काय सोय केली देव जाणे. नंबर चुकला असणार. पण बरा होता माणूस.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

आज सगळा उलगडा झाला.

आठवडाभरात अकरा फोन आले. मला वाटलं, टेलिफोन कंपनीचा काहीतरी घोटाळा आहे. एक बाई फक्त सूप कसं झालं ते सांगते. एक जण तर बोलतच नाही. नुसता श्वास ऐकू येतो, आणि दहा-पंधरा मिनिटांनी "बरं" म्हणून ठेवतो. आज वेर्नरचा फोन आला तेव्हा विचारलंच, "तुला हा नंबर दिला कुणी?"

"दिला कुणी म्हणजे? माझ्या हाताखालीच आहे की. बाकड्याच्या खाली."

बाकड्याच्या खाली. कोपऱ्यात उरलेले चार पॅड होते, त्यातला एक ओढला. आमचा नंबर! वर्कशॉपचा! तीन हजार पॅडांवर! फडक्यांवर तेवढा बरोबर आहे, पण फडक्यावरचं वाचतंय कोण! जो मी झोपेतही म्हणून दाखवीन तो नंबर, आणि मला वाटलं, काय सरळ वाचला गेला!

वेर्नर तिकडे म्हणत होता, "बोडिल? आहेस ना?" मी म्हटलं, "आहे रे, आहे."

उद्या सकाळी सिसेलला सांगायचं. उठल्या उठल्या.

गुरुवार, १० ऑक्टोबर

नाही सांगितलं. काल सकाळी ती मीटिंगमध्ये असणार असं वाटलं. दुपारी तीनपासून फोन सुरू झाले, आणि माणसं बोलत असताना मधेच ठेवणार कसं? आज म्हटलं, आधी नवीन पॅडांचा भाव काढावा, नुसती चूक घेऊन कुणी जातं का? भाव काढून ठेवलाय. पण पोलंडहून माल येऊन छापून व्हायला महिना लागेल. म्हणजे आज सांगितलं काय आणि सोमवारी सांगितलं काय, तेच.

माणसं बिचारी चांगली आहेत. त्यांना काय फरक पडतो कोण उचलतंय ते?

सोमवार, २१ ऑक्टोबर

सकाळी नऊपासून काम उरकते म्हणजे तीनला हात मोकळे होतात. केससुद्धा विंचरते. फोनवर कोण बघतंय, वेडी कुठली! सगळ्यांचं लक्षात राहत नाही म्हणून एका वहीत लिहून ठेवते. "वेर्नर: बम्सेच्या पायाचं विचारणे." "सूपवाली: नात परीक्षेला बसली होती." न बोलणाऱ्याला मी हल्ली माझंच सांगते. आज काय छापलं, हीट प्रेसचं हँडल कसं अडकतं, होल्गर ते पायाने कसं ढकलायचा. तो ऐकतो. आज चक्क हसल्यासारखा वाटला. "बरं" म्हणाला आणि ठेवला.

हे सगळं त्यांच्यासाठी चाललंय, माझं काय, मला बाकीचीही कामं आहेत.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

सिसेलचा मोबाइलवर फोन. पाच वाजता, म्हणजे नेमका ऐन वेळी. वर्कशॉपचा फोन पलीकडे वाजत होता आणि ही बोलत होती.

"बोडिल, सहा आठवड्यांत नऊ फोन. नऊ! त्यातला एक पिझ्झासाठी. आमच्या बारा जणांनी एव्हाना मोजे विणलेत. एक जण म्हणतो, आमच्यापेक्षा एकटं गावात कुणी नाही."

मी म्हटलं, "अजून वेळ आहे."

"नाही ग. काल समितीपुढे गेले होते. तो गृहस्थ हसला. म्हणाला, बघा, मी म्हटलं नव्हतं? मी उभी राहून सांगितलं की माझाच अंदाज चुकला असेल. तुला काय वाटतं? पॅड लोकांना आवडले नसतील का?"

शब्द ओठावर आले होते, शप्पथ. तोंड उघडलंसुद्धा. पण पलीकडचा फोन थांबला आणि लगेच परत वाजला, आणि मी म्हटलं, "आवडले असतील ग. धीर धर."

धीर धर! मी तिला म्हणाले धीर धर! लाज वाटली पाहिजे मला. वाटतेय. मग धावत जाऊन फोन उचलला तर सूपवाली होती, आणि पाच मिनिटांत मी हसतही होते.

रविवार, १० नोव्हेंबर

सेंट मार्टिनची संध्याकाळ, घरोघरी भाजलेलं बदक. अख्खं बदक कोण खाणार, म्हणून एक तंगडी आणली. लाल कोबी डब्यातला. मेणबत्ती लावली, मग विझवली. एका तंगडीसाठी मेणबत्ती म्हणजे नाटकच की.

आठ वाजता होल्गर! साडेतीन महिन्यांनी पहिला फोन. मागे माणसांचा कलकलाट. "बोडिल, तो माउसपॅड तू पाठवलास ना, तो आमच्या ताईने पहिल्या दिवसापासून गरम पातेल्याखाली घेतलाय. आज बदकाचं पातेलं उचललं तेव्हा मी पहिल्यांदा नीट वाचला. अग बये, नंबर आपला आहे!"

मी विझवलेली मेणबत्ती बाजूला सारली.

"तुला माहीत आहे," तो म्हणाला.

"महिना झाला."

"आणि सांगितलं नाहीस? प्रूफ कुणी वाचलं?"

"कुणी म्हणजे? इथे कोण कोण आहे? मीच वाचलं आणि मीच टिक केली! तू तिकडे बदक खा!"

मागचा कलकलाट कमी झाला, तो दुसऱ्या खोलीत गेला असावा. मग हळू म्हणाला, "मला यावं लागलं बोडिल. ताईचे डोळे गेलेत, तुला माहीत आहे." माहीत आहे मला. मी काय दगड आहे? म्हणाला, "उद्या सांग त्या मुलीला. जितका उशीर करशील तितकं वाईट." मी म्हटलं, "मला शिकवू नकोस," आणि ठेवला. तंगडी गार झाली होती.

सोमवार, १८ नोव्हेंबर

उद्या-परवा हेर्निंगच्या व्यापारी प्रदर्शनाला जायचंय, दोन दिवस. स्टॉलचं भाडं जूनमध्येच होल्गरने भरलेलं, टाळता येत नाही. आल्यावर सिसेलला नक्की सांगायचं. समिती अठ्ठावीसला आहे, म्हणजे वेळ आहे.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

प्रदर्शनात दोन दिवस माणसांत होते, पण तिथे जो तो दुसऱ्याच्या गळ्यातलं नावाचं कार्ड वाचून बोलतो. काल रात्री घरी. आज तीन वाजता खुर्ची ओढून बसले. पहिलाच फोन वेर्नरचा. गुरुवारी तो कधी करत नाही.

"आहेस होय," म्हणाला.

"आहे. तुझा वार चुकला की रे! बम्से कसा आहे?"

"मंगळवारी सकाळी नेला त्याला. पाय दोन्ही गेले होते. शेवटची सुई देताना डॉक्टरने मांडीवर घेऊ दिला मला."

हातातली पेन्सिल मी खाली ठेवली.

"मग मी घरी आलो. तीन वाजायची वाट बघितली. चार वेळा फोन केला ग बोडिल. वाजत राहिला नुसता. मला वाटलं, बंद पडली लाइन. काल परत केला. असू दे. तुलाही कामं असतील." जरा थांबून म्हणाला, "मंगळवारी मात्र कुणीतरी असायला हवं होतं. कुणीही चाललं असतं."

कुणीही चाललं असतं. ते वाक्य बोचलं, खोटं कशाला बोलू. मला वाटत होतं त्याला मीच लागते. तिकडे बारा माणसं शिकून तयार होऊन मोजे विणत बसली होती, आणि वेर्नर रिकाम्या वर्कशॉपला चार वेळा फोन करत होता. त्यांच्यापर्यंत त्याचा फोन मीच पोचू दिला नाही.

आम्ही तासभर बोललो. बम्से लहानपणी बटाट्याच्या पोत्यात कसा झोपायचा ते त्याने सांगितलं. ठेवल्यावर मी तिथेच बसून रडले, भोकाड पसरून. कुत्रा मी पाहिलेलासुद्धा नाही.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

आठ वाजता सिसेलच्या दारात उभी राहिले, ती यायच्या आधीच. कोट न काढताच सगळं सांगितलं. पॅड तिच्या टेबलावर ठेवला. तिने नंबरावर बोट फिरवलं.

"कधी कळलं तुला?"

"आठ ऑक्टोबरला."

"सहा आठवडे, बोडिल? सहा आठवडे?" ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी त्या माणसापुढे उभी राहून म्हटलं माझं चुकलं. बारा जणांना रोज सांगत होते, या, बसा, आज येईल फोन. दोघं सोडून गेले. आणि तू मला धीर धर म्हणालीस."

"प्रूफ तूही पास केलं होतंस," असं माझ्या तोंडून निघून गेलं. घाणेरडी सवय!

"केलं. ती माझी चूक, आणि ती मी समितीत सांगेन. पण सहा आठवडे तुझे आहेत. का नाही सांगितलंस?"

"नवीन पॅड यायला महिना लागला असता, म्हणून म्हटलं..."

"खोटं बोलू नकोस. त्या वर्कशॉपचा नंबर आमच्या लाइनवर वळवायला टेलिफोन कंपनीला एक अर्ज लागतो. तू तेवीस वर्षं धंदा करतेस. तुला हे सुचलं नाही?"

नाही सुचलं. खरंच सुचलं नाही. इतकी साधी गोष्ट! रात्री हे लिहितानाही मी स्वतःला विचारतेय, आणि उत्तर सापडत नाही.

फोनांची वही दिली तिला. दोनशे सोळा फोन, तारीखवार. ती उभ्याउभ्याच वाचत गेली. "बम्सेच्या पायाचं विचारणे." "नातीला भूगोलात कमी." "न बोलणारा: आज दोनदा बरं म्हणाला." पान उलटताना तिचा चेहरा जरा बदलला. म्हणाली, "नावं खोडून मला आकडे हवेत समितीला. नावं आम्हाला ठेवता येत नाहीत." मग वही मिटून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुमच्याकडे दोघं असता असं म्हणाली होतीस ना?"

मी म्हटलं, "तो बोर्नहोल्मला असतो."

"कधीपासून?"

"ऑगस्टपासून."

तिने अर्जाचा कागद काढला, मी सही केली.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

सिसेलचा दोन ओळींचा निरोप. काल समितीने लाइन उन्हाळ्यापर्यंत चालू ठेवली. तो गृहस्थ आकडे बघून गप्प बसला म्हणे. सोमवारपासून नंबर वळेल. पॅड आहेत तिथेच राहतील.

मी फोन केला, अभिनंदन म्हटलं. ती म्हणाली, "फेब्रुवारीत नव्या स्वयंसेवकांना शिकवायचंय. तुला ये म्हणावं असं आत्ता माझ्या मनात नाही, बोडिल. पुढे बघू." मी म्हटलं, बरोबर आहे तुझं. आहेच बरोबर.

मग तीन ते सहा बसून सगळ्यांना सांगितलं की सोमवारपासून दुसरे लोक असतील, चांगले आहेत, शिकलेले आहेत. सूपवाली म्हणाली, "त्यांना मीठ किती घालायचं कळतं का?" वेर्नरला मीच फोन केला. म्हणाला, "मंगळवारी असतील ना ते?" मी म्हटलं, "रोज असतील." "मग ठीक," म्हणाला. न बोलणाऱ्याला सांगितलं तेव्हा तो खूप वेळ तसाच होता. शेवटी म्हणाला, "तुझ्या त्या होल्गरला फोन कर." आवाज तरुण होता. विशी-बाविशीचा असेल. मी आपली इतके दिवस त्याला म्हातारा समजत होते.

होल्गरला केला. म्हटलं, "सांगितलं तिला." तो म्हणाला, "शाबास." नाताळात ये म्हणाला. बघू म्हटलं.

मंगळवार, ३ डिसेंबर

तीन वाजले. फोन वाजला नाही. वाजणारच नव्हता, कालही नाही वाजला. तरी मी केस विंचरून बसलेच होते.

साडेतीनला म्हटलं, नंबर नीट वळलाय की नाही ते तरी बघावं. टेलिफोन कंपनीचा काय भरवसा! मोबाइलवरून वर्कशॉपचाच नंबर लावला. समोर तो जुना फोन, गप्प. कानात टूं टूं टूं. लाइन बिझी. मंगळवार, साडेतीन, म्हणजे वेर्नर असणार. नवीन माणसाला बटाट्यांचं सांगत असेल. बरं वाटलं, आणि वाईटही, दोन्ही एकदमच.

तपासून झालं होतं. नंबर वळलाय, लाइन चालतेय, उठायला हरकत नव्हती. पाच मिनिटं थांबून मी परत लावला.

"येपे बोलतोय," पलीकडे एक मुलगा.

"काही नाही," मी म्हटलं. "लाइन चालते का ते बघत होते."

"चालते की," तो म्हणाला. "आणि तुझं कसं चाललंय?"

चाललंय म्हणायचं, की संपलं. जन्मभर सगळ्यांना तेच सांगत आले. होल्गरला, सिसेलला, शेजारणीला, ह्या वहीलासुद्धा.

"माझं नाही चाललेलं," मी म्हटलं. "मी इथे दिवसभर एकटीच असते. फार एकटी आहे मी."

म्हटल्यावर स्वतःचाच आवाज ऐकून दचकले. येपेने घाई केली नाही. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "सांग," म्हणाला. "नाव काय तुझं?"

"बोडिल," मी म्हटलं, आणि सांगायला लागले.